अर्ध्यावरचा जबडा

शिरूर,
दि. ११ जानेवारी २०००

ति. सौ. सीमाताईस,
सम्राटचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. आई-आबांची तब्येत बरी आहे. माझी विचारू नको.

रविवारी तुझ्याकडे न जेवता निघालो ते तुला लागलं असणार. आईनं एस.टी.त चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंत माझी खरडपट्टी काढली. पण आणखी थोडा वेळ बसलो असतो, तर तेजश्रीच्या पोपटमामांच्या हातातली कपबशी हातात राहिली नसती. तेजश्रीला पाहायला आपण गेलो होतो ना? मग ते माझ्याच तोंडाकडं बघून असं का बोलले की मुलगा कंपनीत आहे, घरची माणसं चांगली आहेत, पण मुलाच्या तोंडाचं काम अजून चालू आहे, तेव्हा ऑपरेशन होऊन चेहरा कसा निघतो ते बघू आणि मग पुढचं बोलू? काम चालू आहे! मी काय नगरपालिकेची गटार आहे? आणि आपले आबा नगरपालिकेतच पाणी सोडायच्या कामाला, त्यांनीही मान डोलावली.

ताई, मला राग कशाचा आला सांगू? दीड वर्षापूर्वी दातांना तारा बसवल्या तेव्हाच पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, की आधी वाकडे झालेले दात सरळ उभे करावे लागतील, त्यामुळं खालचा जबडा आहे त्यापेक्षा जास्तच पुढं दिसेल. आधी बिघडणार, मग ऑपरेशनमध्ये मागं घेणार. म्हणजे जन्मात सगळ्यात वाईट मी ज्या महिन्यात दिसणार, नेमक्या त्याच महिन्यात तू पाहण्याचा कार्यक्रम ठेवलास. तुला दोष देत नाही. छकुलीचं नाव ठेवायच्या दिवशी तेजश्री तुमच्या क्वार्टरवर पाळण्याला फुगे बांधत होती, तेव्हापासून मीच तुझा जीव खाल्ला होता.

तिनं एकदाच वर पाहिलं. तेव्हा मी चहा पीत होतो. माझा चहा कसा असतो ते तुला माहीत आहे, अर्धा तोंडात, अर्धा हनुवटीवर.

कॉलेजात तो पोरगा भर वर्गात ड्रॉवर लाव रे असं ओरडला, म्हणून मी त्याला धुतला आणि एस. वाय.ला कॉलेज सोडलं. तू म्हणालीस, एका शब्दापायी डिग्री घालवलीस. असेल. पण तो निदान हसत होता. पोपटमामा तर बाजारात वांगी निवडावीत तसे गंभीर होते.

तेव्हा माझं ठरलं आहे. एप्रिलअखेरचं ऑपरेशन रद्द. पुढच्या सुट्टीला पुण्याला जाऊन तारा काढून घेतो. ज्यांना असा चालत नाही त्यांना तसा तरी कशाला हवा?

दाजींना जयभीम. छकुलीला पापा. माझ्यावर रागावलीस तरी प्रेम कमी करू नको.

तुझा,
सम्राट


दौंड,
दि. १७ जानेवारी २०००

चि. सम्राट यास,
ताईचा जयभीम व आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तेव्हा तोंडात तारा असतील की नसतील ते ठाऊक नाही. असतील असं धरून लिहिते.

तुझं पत्र दाजींनी मोठ्यानं वाचलं. गटारीपाशी आल्यावर ते इतके हसले की छकुली दचकून रडायला लागली. मी हसले नाही. कॉलेज अर्ध्यावर सोडलंस, कम्प्युटरचा कोर्स अर्ध्यावर सोडलास, घोड नदीत पोहायला शिकायला गेलास तेही कमरेपर्यंतच. आता जबडासुद्धा अर्ध्यावर ठेवणार का? दाजींनी इथल्या दातांच्या डॉक्टरला विचारलं. ते म्हणाले, तारा आता काढल्या तर समोरचे दात पहिल्यापेक्षाही लांब राहतील, सगळा भार दाढांवर येईल आणि तिशीत दाढा झिजून जातील. दाढ ठणकते म्हणून रात्रभर उशी चावत होतास ते विसरलास? तुला फक्त पोपटमामाच आठवतात.

त्यांचंही ऐक. तेजश्रीचे वडील गेल्यापासून तिचं सगळं तेच बघतात. भाचीला कुणी फसवलं असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून ते फार तपासून बोलतात. बोलायची रीत नाही माणसाला, पण मनात काळं नाही. आणि तेजश्री काही बोलली नाही म्हणून फुगला आहेस, तर तिला बोलायची पाळी कुणी दिली होती रे? काल ती छकुलीसाठी स्वेटर घेऊन आली होती. मी काही विचारलं नाही. तिनंच विचारलं, तारा असताना ते जेवतात काय? मी म्हटलं, लोकांचं डोकं. तर हसली.

आता एक गोष्ट. ही तुला कळवू नको असं दाजींनी सांगितलं होतं. पण दुसऱ्याकडून कळली तर तू मित्राची मोटारसायकल घेऊन पाटसला जाऊन बसशील, त्यापेक्षा मीच लिहिते. पाटसच्या साखर कारखान्यात क्लार्क असलेल्या मुलाचं स्थळ तिला आलं आहे. पाहुणे मार्चमध्ये येणार. मुलगा पर्मनंट आहे.

डोकं शांत ठेव. आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. पत्राची वाट बघते.

तुझी,
ताई


शिरूर,
दि. ३१ जानेवारी २०००

ति. सौ. ताईस,
सम्राटचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तारा काढल्या नाहीत. उलट पुण्याला जाऊन मॅडमना म्हणालो, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करा. मार्चच्या आत चेहरा नीट झाला पाहिजे.

त्यांनी आधी मला बसवलं. माझ्या दोन्ही जबड्यांचे प्लास्टरचे साचे त्यांच्या टेबलावर असतात, ते समोर ठेवले. खालच्या हाडाला दोन्ही बाजूंनी कुठं काप देणार, ते मागं कसं सरकवणार, बारीक प्लेटा आणि स्क्रू कुठं बसणार, सगळं पेन्सिलनं दाखवलं. मग दीड महिना वरचा-खालचा जबडा तारेनं एकमेकांना बांधणार. तोंड उघडायचं नाही, सगळं पातळ प्यायचं. हे मला आधीपासून माहीत होतं. पण त्या हाडाच्या आतून एक शीर जाते, तिच्यामुळं खालच्या ओठाला स्पर्श कळतो, हे त्यांनी या वेळी जास्त जोर देऊन सांगितलं. ऑपरेशनमध्ये ती दुखावते. ओठ हलेल, पण कळणार नाही. बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो, काहींचा थोडा भाग कायमचा बधिर राहतो. तुमचं कुठलं होईल ते मी आज सांगू शकत नाही, म्हणाल्या.

मी म्हटलं, चालेल, लवकर करा. त्यांनी विचारलं, घाई कसली? मी पाटसचं स्थळ सांगून टाकलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, दात अजून तयार नाहीत, त्यामुळं मार्चच्या आत तर होणारच नाही. आणि लग्न जमवायला येणार असाल तर एप्रिलमध्येही मी करणार नाही. घरी जा, स्वतःला काय हवं ते बघा आणि परत याल तेव्हा सही करणारं घरचं माणूस घेऊन या.

ताई, मला पुढचं नीट आठवत नाही. मी तो साचा उचलून टेबलावर आपटला. माझाच जबडा माझ्याच हातात फुटला. बाहेरची माणसं डोकावून बघायला लागली. मॅडम तुकडे गोळा करायला लागल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं आणि मी खरंच पळालो.

आणखी एक केलंय. तू रागावशील. मी तेजश्रीला सरळ पत्र लिहिलं, तिच्या घरच्या पत्त्यावर. लिहिलं की छकुलीच्या पाळण्यापाशी तुम्हाला पाहिल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही एकदा हो म्हणा, मी जबडाच काय, मान कापून घेईन. नाही म्हणालात तर त्याच दिवशी पक्कड घेऊन तारा उपटून टाकीन. आणि माझ्या हनुवटीबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं, तेही कळवा.

पेटीत टाकल्यावर हात आत घालून बघितला, पण पत्र बोटांना लागलं नाही.

आबा बोलत नाहीत. आई दोघांच्या मधे बसून एकटीच बोलते. तू तरी माझ्या बाजूनं राहा.

तुझा,
सम्राट


शिरूर,
ता. ६/२/२०००

चि. सौ. सीमा हिस,
आबाचा जयभीम आन् लई लई आशीर्वाद.

मला लिवायची सवय न्हाई. चुकलं माकलं समजून घे. तुझी आय बरी हाय. नळाचं काम रोजचंच, पाणी कमी आन् शिव्या जास्त.

सम्राट घरात बोलत न्हाई. कामावरनं येतो, भाकर दुधात कुस्करतो, भिंतीकडं तोंड करून खातो आन् झोपतो. पुण्याला काय झालं ते तुझ्या आयनं मला सांगितलं. तिथं घरच्या मानसाची सही मागितली हाय. ती सही म्या करणार न्हाई. त्यानं ऑपरेशन करू नये आसं माझं म्हणणं न्हाई. माझी हनुवट बी तशीच. जलमभर मी म्हणत आलो का माझं काय अडलं न्हाई. पर आता दाढा गेल्या, तवा कळतंय काय अडलं ते. तुझी आय लग्नात मला बघून हसली व्हती, आजून हसती, म्हणून मला वाटायचं का आपलं बरं हाय.

पर तुझा संपतचुलता आंतरगळाच्या, म्हंजी हार्नियाच्या, ऑपरेशनला गेला, तवा कागदावर सही म्या केली व्हती. तो टेबलावरनं उठला न्हाई. कुणाची चूक न्हवती म्हणत्यात. नसंल. पर तवापासनं दवाखान्याचा कागद दिसला का माझा हात आखडतो. पगाराच्या पत्रकावर सही व्हती, तिथं व्हत न्हाई.

दौंडला त्या पाहुण्यांनी थांबा म्हटलं तवा मी मान डोलावली, म्हणून पोरगा माझ्यावर चिडलाय. मला वाटलं, तेवढाच टाईम जाईल आन् हे ऑपरेशन बी लांबंल. त्याला हे कसं सांगू? तो म्हणंल आबाला माझं बरं बघवत न्हाई. तू शिकलेली हाईस, तुझ्या शब्दात सांग. न्हाईतर नको सांगू. तुझं तू बघ.

जावईबापूंना जयभीम. नातीची दृष्ट काढ. माया हायेच, वर काय लिवू.

तुझा आबा,
बन्सी


दौंड,
दि. १६ फेब्रुवारी २०००

चि. सम्राट यास,
जयभीम. या वेळी आशीर्वाद राखून ठेवते.

तुझं पत्र पोपटमामांच्या हातात पडलं. ते पत्र घेऊन ते क्वार्टरवर आले आणि ओट्यावर उभं राहून सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं वाचायला लागले. मान कापून घेईन इथपर्यंत आले तेव्हा दाजींनी त्यांना आत घेतलं आणि चहा पाजला. दाजी म्हणाले, मामा, पोरगं वेडं आहे पण लबाड नाही, तुम्ही आयुष्यात कुणाला असं पत्र लिहिलं होतं का? मामांनी आणखी अर्धा कप मागून घेतला. पण तेजश्रीला आठवडाभर घराबाहेर पडू दिलं नाही. तिनं डी.एड. केलंय, ती आज ना उद्या शाळेवर लागेल. तिच्यावर असली पाळी तुझ्यामुळं आली, हे लक्षात ठेव.

सोबत तिचं पत्र आहे. तिनंच मला आधी वाचायला दिलं. आबांचंही पत्र आलंय, तेही पाठवते. त्यांनी पाठव म्हटलेलं नाही, पण सांगू नको असंही नीट म्हटलेलं नाही. आबांचं आधी वाच. मग तिचं. आणि मग कुणालाही काहीही लिहू नको.

तुझी,
ताई


दौंड,
दि. १५ फेब्रुवारी २०००

श्री. सम्राट यांस,
जयभीम.

तुमचं पत्र मामांनी आधी वाचलं, मग मी. आमच्या घरी माझ्या नावाचं पत्र कधी येत नाही, त्यामुळं ते कुणी उघडायचं हे ठरलेलं नव्हतं. आता ठरलं आहे.

तुम्ही लिहिलंत की मी हो म्हटलं तर ऑपरेशन करणार आणि नाही म्हटलं तर तारा उपटणार. मी दोन्ही म्हणणार नाही. तुमच्या हाडाचा निकाल माझ्या गळ्यात का अडकवता? ओठाचं सीमाताईंनी मला सांगितलं. तो बधिर राहिला, तर मला बघून तुम्हाला रोज काय आठवेल? आणि सगळं छान झालं, तरी घरात भांडण झालं की म्हणाल, तुझ्यासाठी मी जबडा कापून घेतला. या दोन्हींपैकी काहीही ऐकत मला संसार करायचा नाही. तुमच्याशीच करीन असं मी म्हटलेलं नाही, हेही लक्षात असू द्या.

पाटसचे पाहुणे मार्चमध्ये येतील. त्यांना मी काय सांगेन ते तुम्हाला कळवणार नाही. ते येऊन गेल्यावरही नाही. ताईंकडूनही तसं वचन घेतलं आहे. कळलं, तर तुम्ही त्यावरून ठरवाल.

तुमच्या हनुवटीबद्दल काय वाटतं असं विचारलंत. ते सांगणार नाही. रागाबद्दल मात्र सांगते. तुम्ही दवाखान्यात साचा फोडलात हे ऐकून मला भीती वाटली. माझे वडील शांत होते. मला आरडाओरड्याची सवय नाही आणि ती लावून घ्यायची इच्छा नाही.

तुमचं ठरलं की कळवा. का ठरवलंत तेही लिहा. त्यात माझं नाव आलं तर मी पुढं वाचणार नाही.

आपल्या आई-आबांना जयभीम.

तेजश्री


शिरूर,
दि. २७ मार्च २०००

ति. सौ. ताईस,
सम्राटचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तू लिहू नको म्हणालीस. पहिल्यांदाच तुझं ऐकलं, तर तुला काळजी वाटायला लागली असं आई म्हणते.

तेजश्रीचं पत्र वाचून आधी फाडायला घेतलं होतं. मग आबांचं वाचलं होतं ते आठवलं आणि हात थांबला. पाटसचे पाहुणे येऊन गेले असतील. तू शब्द दिला आहेस म्हणून विचारत नाही. पण ताई, न विचारणं किती अवघड आहे. कारेगावला कंपनीत मशीनवर उभा राहतो आणि प्रत्येक जॉब, म्हणजे तयार पार्ट, काढताना मनात एकच. गेली, नाही गेली. दोनदा जॉब रिजेक्ट झाले, सुपरवायझर म्हणाला, भाई, घर जाके सो जा.

मी रोज स्वतःला विचारत होतो, की समज ती पाटसला गेली, मग हे ऑपरेशन करशील का? रोज उत्तर नाही असंच यायचं. मग कशाला हाड कापायचं, कशाला ओठ घालवायचा? मॅडमना काढायला सांगू तारा, दाढा झिजू देत. असं पार ठरत आलं होतं.

मग परवा कॅन्टीनमध्ये एक बिहारचा पोरगा सगळ्यांना पेरू देत होता. अख्खे पेरू, देठासकट. माझ्यापुढं धरला तर मी नको म्हणालो. तो म्हणाला, मीठा है, लो ना. मी पुन्हा नको म्हणालो आणि वर म्हणालो की मला आवडत नाही. ताई, मला पेरू किती आवडतो! पण मला तो समोरच्या दातांनी तोडता येत नाही, आणि चारचौघांत कडेच्या दाढेत घालून कुत्र्यासारखं ओढायला नको वाटतं. म्हणून मी लहानपणापासून म्हणत आलोय की मला आवडत नाही. पेरू नाही, कणीस नाही, ऊस नाही. सगळी पोरं टरकन चावत बसली होती आणि मी भिंतीकडं तोंड करून वरणभात खात होतो. मला इतकं भयंकर रडू आलं की मी हात धुवायला उठून गेलो. आणि तेव्हा तेजश्री डोक्यात नव्हती. पोपटमामाही नव्हते. नुसता तो पेरू.

संध्याकाळी पुन्हा स्वतःला विचारलं. ती गेली असली तर? करीन, असं आलं. ओठ बधिर राहिला तर? भीती वाटली, पण तरी करीन असंच आलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच आलं.

आबांना सांगितलं. म्हणालो, तुमची सही नको, माझी मी करीन, घरचं दुसरं कुणीतरी येईल. संपतकाकांचं मला माहीत आहे असं म्हणालो नाही. ते उठले आणि पाळी नसताना पाणी सोडायला निघून गेले. त्या दिवशी आमच्या आळीला अवेळी पाणी आलं, बाया आबांना आशीर्वाद देत होत्या.

आई आणि मी पुण्याला जाऊन आलो. मॅडमची माफी मागितली. त्या म्हणाल्या, साचा पुन्हा घेता येतो, बसा, तोंड उघडा. एप्रिलअखेर, जयंतीच्या धामधुमीनंतर. सोबत तेजश्रीसाठी एक चिठ्ठी आहे. तू वाच आणि योग्य वाटलं तरच दे.

दाजींना, छकुलीला आठवण सांग. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझा,
सम्राट


कु. तेजश्री यांस,
जयभीम.

ऑपरेशन करायचं ठरलं आहे. मला पेरू खायचा आहे म्हणून. तुम्ही हसाल, पण कारण खरंच एवढं आहे. मागच्या पत्राबद्दल माफी मागतो. तुमच्या मामांचीही.

सम्राट


शिरूर,
दि. २२ मे २०००

ति. सौ. ताईस,
सम्राटचा सप्रेम जयभीम. वि. वि.

छकुलीचा ताप उतरला का? तापामुळं तुला काल येता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो. बोलता येत नसल्यामुळं हल्ली मी फार लिहितो. आई म्हणते, या घरात एवढी शांतता लग्न होऊन आल्यापासून तिनं पाहिली नव्हती.

आधी दवाखान्याचं. तू मला भेटून गेलीस तेव्हा मी गुंगीत होतो. त्या सकाळी आबा घरून आमच्याबरोबर निघाले. येऊ नका म्हणालो, तरी आले. नर्सनं नातेवाइकाला सहीसाठी बोलावलं, तेव्हा ते उठले, दोन पावलं टाकली आणि उभेच राहिले. आईनं आपली पिशवी त्यांच्या हातात दिली, पुढं झाली आणि साक्षरतेच्या वर्गात शिकली होती तशी अक्षर अक्षर जोडून रंभा बन्सी अशी सही केली. आबा ती पिशवी छातीशी धरून बाहेर उभे होते. शुद्धीवर आलो तेव्हाही तसेच होते.

उजवीकडचा ओठ हळूहळू परत येतोय. डावीकडचा अजून माझा नाही. हनुवटीवर हात ठेवला तर दुसऱ्याच कुणाच्या हनुवटीवर ठेवल्यासारखं वाटतं. मॅडम म्हणतात, थांबा. थांबलोय.

जबडा बांधलेला असताना उलटी झाली किंवा श्वास अडकला तर लगेच तारा कापाव्या लागतात, म्हणून दवाखान्यातून एक छोटा कटर दिलाय. तो आबांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. मी साधा खोकलो तरी त्यांचा हात खिशात जातो. पाणी सोडायला जातानाही मला बरोबर घेऊन जातात.

तर काल तेजश्री आली. चिठ्ठी वाचून ती येणार असा तिचा निरोप तूच कळवला होतास, पण मला खरं वाटलं नव्हतं. बरोबर पोपटमामा. माझा चेहरा अजून सुजलेला, गाल पिवळे-निळे. मामांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, अजून सूज आहे, खरा चेहरा काही कळत नाही, आपण पावसाळ्यानंतर आलो असतो तर बरं झालं असतं. माझी कानशिलं तापली. तेवढ्यात तेजश्री म्हणाली, मामा, तुम्ही पोहे घ्या, मला काही विचारायचंय. आईनं जुन्या कॅलेंडरची पानं आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. पाहायला आलेली मुलगी प्रश्न विचारतेय आणि मुलगा खाली मान घालून उत्तरं लिहितोय, हे शेजारच्या सिंधूबाई खिडकीतून बघत होत्या. आज सगळ्या वॉर्डात तेच चाललंय.

तिनं विचारलं, दुखतं का? मी लिहिलं, आता कमी. नोकरी पर्मनंट आहे का? लिहिलं, नाही, कॉन्ट्रॅक्टवर. कॉलेजचं काय? लिहिलं, रागात सोडलं, परत जाईन की नाही माहीत नाही, जाईन असं खोटं लिहिणार नाही. तिनं ते पान मामांकडं दिलं. मामांनी चष्मा लावून वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मग तिनं विचारलं, पाटसचं विचारायचं नाही का? मी खूप वेळ पेन धरून बसलो आणि लिहिलं, तुम्हाला सांगायचं असेल तर. ती म्हणाली, नंतर सांगेन.

तेवढ्यात माझी मुगाच्या पाण्याची वेळ झाली. आईनं नळीचा कप आणला. मला तिच्यासमोर प्यायचं नव्हतं, मी हातानं नको म्हणालो. ती म्हणाली, प्या, मी पण पोहे खातेच आहे. प्यायलो. मला वाटलं, चांगलं जमलं. मग बघतो तर मामा दुसरीकडं बघायला लागले, आबा जागेवरून अर्धे उठले, आई पदर शोधायला लागली. तेजश्रीनं स्वतःच्या हनुवटीवर डावीकडं बोट ठेवलं आणि म्हणाली, इथं ओघळलंय. गालावर शाई लागलीय असं सांगावं तशी म्हणाली. मी पुसलं. ती म्हणाली, अजून थोडं खाली. मी तिथंही पुसलं.

ताई, मी उठून जाईन असं सगळ्यांना वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. पण मी कप परत उचलला आणि उरलेलं प्यायलो. ओघळलं की ती बोट दाखवायची आणि मी पुसायचो. पोहे संपेपर्यंत असं चाललं होतं.

निघताना तिनं दारात चपला घातल्या आणि मामांना म्हणाली, मामा, माझं पाहून झालं. आता तारखेचं तुम्ही आणि आबा बघा. पाटसच्या लोकांना मार्चमध्येच नाही म्हटलं होतं, हे तिनं पायरी उतरल्यावर वळून सांगितलं.

मला ओरडायचं होतं. अख्ख्या शिरूरला ऐकू जाईल असं. पण तोंड बांधलेलं. नाकातून नुसता एक विचित्र आवाज निघाला, घुबडासारखा. तो ऐकून आबांना वाटलं मी गुदमरलो. खिशातून कटर काढून ते धावत आले, माझी मान पकडली आणि तारा कापायलाच लागणार होते. मी हातवारे करतोय, आई ओरडतेय, अहो हसतोय तो, हसतोय! आबांनी माझ्याकडं नीट बघितलं. कटर खिशात ठेवला आणि पायरीवर बसले. पोपटमामा परत आले, त्यांच्याशेजारी बसले आणि काय झालं असं विचारत राहिले. आबा नुसते खिशातला कटर चाचपत राहिले.

तारीख ठरली की कळवतो. दाजींना सांग, त्यांचा चहा पोपटमामांना लागू पडला. लोभ कुठं जात नाही हे मला आता माहीत आहे, तरी लिहायचं म्हणून लिहितो, तो असू दे.

तुझा,
सम्राट